बुजऱ्या पिल्लाचा विश्वास

प्रश्न : चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात सापडलेले मांजराचे पिल्लू घरी आणले, परंतु ते पलंगाखालून बाहेर येत नाही, जवळ जाताच फिस्कारते. काय करावे?

उत्तर : मनुष्याशी पिल्लाची ओळख सर्वांत सुलभपणे जडते ती वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत, तो काळ उलटला असल्यास विश्वास संपादन करण्यास विलंब लागेल, परंतु निराश होण्याचे कारण नाही. शांत खोलीत लपण्यास खोक्याची तजवीज करून आपण जमिनीवर बसावे, आणि त्याच्याकडे टक लावून न पाहता डोळे सावकाश मिटीत व उघडीत राहावे. कारण रोखलेली दृष्टी मार्जारकुळात धमकी समजली जाते. गाईच्या दुधाने हगवण लागते, म्हणून ते देऊ नये; उकडलेल्या, काटे काढलेल्या माशाचा तुकडा हातभर अंतरावर ठेवून ते अंतर क्रमाक्रमाने कमी करावे. (खारवलेला सुका मासा, आपल्याकडे कितीही सहज मिळो, वर्ज्यच.) पिल्लास बळजबरीने ओढून काढणे हा मी अक्षम्य उतावळेपणा समजतो. ओरखडा वा चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजच्या बाबतीत हयगय नको. पिल्लू तीन महिन्यांचे होताच पशुवैद्याकडून त्यासही रेबीजची लस टोचून घ्यावी.