न मागवलेल्या मालाचे बिल



संगणक आणि मोबाइल आज आपल्या घराघरांत पोहोचले आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातवैधतेची कागदपत्रे, बँकेचे व्यवहार, एवढेच काय, संस्थेच्या सभासदांची यादी व निधीचा हिशेबही आता त्यातच असतो. म्हणून या यंत्रात चोर कसा शिरतो हे समजून घेणे हा शिक्षणाचाच एक भाग झाला आहे. त्यातील एकाच प्रकाराचा विचार आम्ही येथे करणार आहोत. तो म्हणजे ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डरचे सोंग घेऊन येणारे ई-मेल आणि त्याला जोडलेली फाइल.

सोंग कसे असते?

एखाद्या नामांकित दुकानाच्या नावाने मेल येतो. ‘आपली ऑर्डर रवाना झाली आहे, बिल सोबत जोडले आहे.’ आपण तर काहीच मागवलेले नसते! मग मनात भीती येते की कोणीतरी आपल्या नावावर खरेदी केली, आता पैसे जाणार. किंवा लोभ येतो की चुकून काही आपल्याकडे येत असेल तर पाहू या. भीती असो वा लोभ, हात त्या फाइलकडेच जातो. चोराला एवढेच हवे असते. तो कुलूप फोडत नाही. दार आपल्याकडूनच उघडून घेतो.

फाइलची दोन सोंगे नेहमीची आहेत. पहिले दुहेरी नावाचे. विंडोज संगणक फाइलच्या नावाचे शेवटचे अक्षर-चिन्ह सहसा लपवतो. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल पडद्यावर नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसते. वास्तविक ती बिल नसून प्रोग्राम असते. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ विषाणूने हीच युक्ती वापरली होती. दुसरे सोंग वर्ड किंवा एक्सेल फाइलचे. तिच्यात मॅक्रो नावाच्या लपवलेल्या आज्ञा असतात. ‘मजकूर दिसण्यासाठी एनेबल कंटेन्ट दाबा’ असे फाइलच सांगते आणि बटण दाबताच त्या आज्ञा चालू होतात.

मंत्रालयातील उदाहरण

२०१६ साली ‘लॉकी’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम याच मार्गाने पसरला. तो प्रामुख्याने बिलाच्या नावाने येणाऱ्या वर्ड फाइलींतून येई. त्या वर्षी मे महिन्यात ॲमेझॉनची ऑर्डर रवाना झाल्याचे भासवणारे बनावट मेलही त्याने मोठ्या संख्येने धाडले गेले. संगणकात शिरल्यावर लॉकी सर्व फाइली सांकेतिक लिपीत बंद करी व त्या उघडण्यासाठी बिटकॉइनमध्ये पैसे मागे. जोडलेल्या इतर संगणकांच्या सामाईक फोल्डरपर्यंतही तो पोहोचे. त्याच मे महिन्यात मुंबईत मंत्रालयातील महसूल व सार्वजनिक बांधकाम विभागांचे सुमारे १५० संगणक लॉकीने बाधित झाल्याचे वृत्त आले होते. जेथे संगणकाचे जाणकार हाताशी असतात तेथे असे होऊ शकते, तर आपल्या संस्थेच्या एकुलत्या एका संगणकाचे काय?

जासईकरांना असा हल्ला दूरचा वाटू नये. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विषाणूमुळे आपल्या शेजारच्या जेएनपीटी बंदरातील एका खाजगी टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले होते. तो मेलमधून नव्हे, तर युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरला होता. वाट वेगळी, पण विश्वासाच्या आडून घुसण्याची रीत तीच.

मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप रोखण्यास सुरुवात केली. तेव्हा चोरांनी झिप फाइली व लिंक यांचा अधिक आधार घेतला. मोबाइलवर तर व्हॉट्सॲपमधून लग्नपत्रिका किंवा वाहनदंडाची पावती म्हणून ‘एपीके’ फाइल येते. ती बसवून एसएमएस वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी थेट चोराच्या हाती पडतो.

तथागतांचा उपदेश आणि आपण

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी उपदेश केला, की केवळ कोणी सांगितले म्हणून, किंवा सांगणारा मोठा म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. ‘बिल’ हे नाव आणि दुकानाचे चित्र हेही असेच केवळ सांगणे आहे. त्याची पारख सोपी आहे. मेलमधील फाइल किंवा लिंक उघडू नये. आपल्या नेहमीच्या ॲपमध्ये जाऊन ‘माझ्या ऑर्डर’ पाहाव्यात. ऑर्डर खरी असेल तर ती तेथे दिसेलच. नसेल तर मेल पुसून टाकावा. बँकेतून पैसे गेले की काय अशी शंका असेल तर पासबुक किंवा बँकेचे स्वतःचे ॲप पाहावे.

याशिवाय तीन गोष्टी पाळाव्यात. संगणकात फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी व्यवस्था करावी. संगणक व मोबाइलची अपडेट वेळच्या वेळी घ्यावीत. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो काढून ठेवावा. जोडलेला राहिला तर तोही बंद होतो. संस्थेची वर्षानुवर्षांची नोंद वाचवणारी ही प्रत, हीच खरी तिजोरी होय.

चुकून फाइल उघडली गेलीच तर लाजेने गप्प बसू नये. प्रथम इंटरनेट तोडावे. दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत, बँकेला कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. खंडणी मात्र देऊ नये. ती दिल्याने फाइली परत मिळतीलच याची हमी नसते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ही माहिती तुम्हीच समजावून सांगा. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा एका बोटाच्या दाबाने जाऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे. अप्रमाद, म्हणजे सदैव जागरूक असणे, ही तथागतांची शिकवण विहारात जितकी खरी, तितकीच ती मोबाइलच्या पडद्यासमोरही खरी आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!