उतरलेली बॅटरी : गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा एक विज्ञानपाठ



वर्गात फळ्यावर लिहिलेले सूत्र आणि रस्त्यावर प्रत्यक्ष भेटणारे तेच सूत्र यांत फार अंतर असते, असा आपला समज असतो. तो समज माझ्यापुरता एका सहलीत कायमचा दूर झाला. त्या दिवशी घडलेले सांगताना माझ्या दोन चुकाही सांगाव्या लागतील. पण ज्या पाठात शिक्षकाची चूक लपवलेली असते, तो पाठ अपुराच राहतो.

पावसाळा सरत आला होता. आठ विद्यार्थी, जीपचालक मामा आणि मी असे जुन्या डिझेल जीपने पहाटे कोल्हापूरकडून निघालो. आंबा घाटात धुके इतके दाट होते की, पुढचे वळण दिसेना. मीच मामांना दिवे लावण्यास सांगितले. साखरपा, पाली, हातखंबा मागे टाकून निवळी फाट्यावरून आम्ही गणपतीपुळ्याकडे वळलो, तेव्हा सड्यावर लख्ख ऊन पडले होते. त्या उन्हात गाडीचे दिवे चालूच आहेत हे कोणाच्या ध्यानात आले नाही. समुद्राजवळ गाडी लावून आम्ही किनारा पाहिला, नंतर केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड येथे पायीच जाऊन आलो. परतलो तेव्हा साडेचार तास उलटले होते. मामांनी सेल्फ मारला. ‘टक’ असा एक आवाज आला आणि सारे शांत झाले.

मी पहिला प्रश्न विचारला तो असा : “दिवे कोणी चालू ठेवले?” आठ मुलांच्या देखत वडीलधारे मामा खाली मान घालून उभे राहिले. वास्तविक दिवे लावण्यास मी सांगितले होते, आणि उतरताना “गाडी मी पाहतो, तुम्ही जेवणाचे डबे घ्या” असेही मीच म्हणालो होतो. ही माझी पहिली चूक. यंत्र बंद पडल्यावर विचारावयाचा प्रश्न ‘कोणी केले?’ हा नसून ‘काय झाले?’ हा असतो. तो प्रश्न आता आपण शांतपणे विचारू.

बॅटरी उतरते म्हणजे काय होते?

मोटारीतील बॅटरी ही शिसे आणि आम्ल यांची असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ती प्रथम सिद्ध केली. तिच्यात सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. ऋण पट्टी सच्छिद्र शिशाची, धन पट्टी लेड डायऑक्साइडची, आणि दोहोंमध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल. वीज बाहेर जाऊ लागली की, दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट साचत जाते आणि आम्ल पातळ होत जाते. भरलेल्या बॅटरीतील द्रवाची सापेक्ष घनता १.२६ ते १.२८ असते, पार उतरलेल्या बॅटरीत ती १.१५च्या खाली येते.

ही क्रिया उलट फिरवता येते, आणि या बॅटरीचे सारे महत्त्व यातच आहे. बाहेरून उलट दिशेने वीज दिली की, सल्फेट पुन्हा आम्लात जाते. मात्र बॅटरी दिवसेंदिवस उतरलेल्याच स्थितीत पडून राहिली, तर सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि मग ते सहजी विरघळत नाहीत. म्हणून उतरलेली बॅटरी ही मेलेली बॅटरी नव्हे. परंतु तशीच टाकून दिली तर ती खरोखर मरू लागते.

आता आमचा हिशेब पाहा. पुढचे दोन मोठे दिवे, मागचे दिवे व फलकावरचे दिवे मिळून सुमारे १३० वॅट. १२ व्होल्टला भागल्यास सुमारे ११ अँपिअर. साडेचार तासांत जवळजवळ ५० अँपिअर-तास विद्युतभार वाहून गेला. आमची बॅटरी ६० अँपिअर-तासांची, तीही जुनी. तिच्यात काय उरणार?

परंतु हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. डिझेल इंजिन फिरवण्यास सेल्फला सुमारे २५० अँपिअर लागतात असे धरू. पण ते केवळ तीन सेकंद. म्हणजे ७५० अँपिअर-सेकंद, अर्थात सुमारे ०.२ अँपिअर-तास. गेले ५०, आणि हवे आहेत केवळ ०.२! गरज फार थोड्या विजेची आहे. पण ती एकदम, मोठ्या प्रवाहाने हवी आहे. तो प्रवाह कोणत्या वाटेने येणार, हा खरा प्रश्न आहे.

चुकीची वाट

एका सज्जन पर्यटकाने आपली मोटार शेजारी आणून लावली. जोडणीच्या जाड केबल कोणाकडेच नव्हत्या. एका दुकानातून घरगुती जोडणीची तार मिळाली. तिचे दोन तुकडे करून मी धनास धन व ऋणास ऋण जोडले. इयत्ता नववीतील एक विद्यार्थी मोठ्या उत्साहाने एक टोक धरून बसला आणि मी त्याला बसू दिले. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. मामांनी सेल्फ मारताच तारेचे वेष्टण मऊ पडले, जळका वास आला आणि मुलगा ओरडला. मामांनी गाडीतील फडके हातास गुंडाळून तार ओढून काढली. मुलाच्या बोटास लहानसा फोड आला; त्याहून अधिक काही झाले नाही, हे आमचे भाग्य.

ओहमचा नियम मी दरवर्षी शिकवतो. तो त्या क्षणी मला आठवला नाही. तुम्ही मात्र तो वापरून पाहा. १.५ चौरस मिलिमीटर जाडीची, २ मीटर लांबीची तांब्याची तार घेतली, तर तिचा रोध सुमारे ०.०२३ ओहम, दोन तारांचा ०.०४६ ओहम. १०० अँपिअर प्रवाह गेला तर ४.६ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते : १०० × १०० × ०.०४६ = ४६० वॅट. अर्धी शेगडी त्या चार मीटर तारेत पेटल्यासारखीच ती गोष्ट! २५० अँपिअरसाठी तर ११.५ व्होल्ट तारेतच जातील, म्हणजे सेल्फच्या वाट्यास काहीच उरणार नाही. याउलट २५ चौरस मिलिमीटरची केबल असती, तर तेवढ्याच प्रवाहास जेमतेम ०.७ व्होल्ट खर्च झाले असते. केबल जाड असते ती दिखाव्यासाठी नव्हे.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो, आणि बॅटरी फुटली तर आम्ल चेहऱ्यावर उडते. म्हणून बॅटरीजवळ काडी ओढू नये, उघड्या तारा एकमेकींस लावून ‘वीज आहे का’ हे पाहू नये, आणि त्या वेळी मुलांना दूर उभे करावे.

धक्क्याचे शास्त्र

तेवढ्यात एक वयस्क टेम्पोचालक थांबले. मामांचा विचार गाडी समुद्राकडच्या उतारावर सोडण्याचा होता. त्यांनी तो मोडून काढला. “उतारावर गाडी सुटेल, पण थांबेल कशी?” एवढेच ते म्हणाले. त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात यंत्रणा इंजिन चालू असतानाच काम करते. इंजिन बंद असता दोन-तीनदा पाय दाबला की ब्रेक दगडासारखा कठीण होतो. ज्या गाडीत सुकाणूला यंत्राचे साहाय्य असते, तिचे सुकाणूही जड होते. खाली माणसे आणि किनारा असताना तो उतार घेणे म्हणजे दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ होता.

त्यांनी सर्व दिवे बंद करून वीस मिनिटे थांबण्यास सांगितले. यालाही कारण आहे. पट्ट्यांच्या छिद्रांतील आम्ल संपलेले असते; विश्रांती मिळाली की बाहेरचे आम्ल आत झिरपते आणि बॅटरीचा दाब किंचित सावरतो. तेवढ्याने सेल्फ फिरत नाही, पण डिझेलचा मार्ग उघडणारी विजेची झडप उघडू शकते. मग दुकानांतील पाच-सहा जणांनी जीप सपाट, मोकळ्या डांबरी रस्त्यावर आणली. मुले कडेला उभी राहिली. किल्ली चालू, गिअर दुसरा, क्लच पूर्ण दाबलेला. गाडीने धावत्या माणसाचा वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन बोलताच पुन्हा दाबायचा. पहिल्या खेपेस वेग कमी पडला. दुसऱ्या खेपेस जीप एकदा हिसकली आणि सुरू झाली.

दुसराच गिअर का? पहिल्या गिअरमध्ये चाकांना इंजिन फार वेगाने फिरवावे लागते, त्यामुळे गाडी जोराने अडखळते. सेल्फचे काम येथे माणसांचे स्नायू करतात. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ येईपर्यंत मोटारी बहुधा हँडल मारूनच सुरू होत. आपल्याकडील जुन्या जीप व ट्रक यांना हँडल त्यानंतरही कितीतरी वर्षे होते.

इतर वाटा आणि त्यांच्या मर्यादा

धक्क्याची वाट सर्व गाड्यांना चालत नाही. स्वयंचलित गिअरची गाडी धक्क्याने सुरू होत नाही, कारण चाकांची गती इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. आजच्या गाड्यांत इंधनपंप व नियंत्रक संगणक विजेवर चालतात. बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर धक्का व्यर्थ जातो. पेट्रोल गाडीत वारंवार धक्के मारल्यास न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या भागात जाऊन तो तापतो. विजेवर किंवा दुहेरी शक्तीवर चालणाऱ्या गाडीवर हा प्रयोग मुळीच करू नये.

अशा वेळी घरगुती विजेवरील चार्जर ही सर्वांत सुरक्षित वाट. ५ अँपिअरचा चार्जर अर्ध्या तासात २.५ अँपिअर-तास देतो; कागदावर ते पुष्कळ आहे, पण रिकाम्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असल्याने प्रत्यक्षात तास-दोन तास थांबावे. लिथियमची छोटी सेल्फ-पेटी मिळते. तिचे चिमटे धन-ऋण पाहून लावले की पुरेसा प्रवाह देते. दुसऱ्या गाडीची बॅटरी काढून बसवताना ऋण टोक प्रथम सोडावे व शेवटी जोडावे, म्हणजे पाना गाडीच्या लोखंडास लागला तरी ठिणगी पडत नाही. दुचाकीची बॅटरी १२ व्होल्टची असली तरी एवढा प्रवाह देऊ शकत नाही. मोठ्या ट्रक-बसमध्ये बहुधा २४ व्होल्ट असतात. ते मोटारीस जोडू नयेत.

आणि या सर्वांआधी टर्मिनल पाहावेत. कोकणच्या खाऱ्या हवेत त्यांवर लवकर हिरवट-पांढरे पूड साचते. दिवे प्रखर लागतात पण सेल्फ केवळ ‘टक’ करतो, असे असेल तर दोष बहुधा बॅटरीत नसून जोडणीत असतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल पुसावेत (घटांची झाकणे घट्ट बंद ठेवून), कोरडे करून घट्ट आवळावेत व वर व्हॅसलिन लावावे.

शेवटी

गाडी सुरू होणे म्हणजे बॅटरी बरी होणे नव्हे. आम्ही इंजिन बंद न करता थेट रत्नागिरी गाठली. तेथे मिस्त्रींनी प्रत्येक घटाची घनता मोजली आणि बॅटरी रात्रभर ६ अँपिअरने, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, सावकाश भरली. सकाळी सेल्फ पहिल्याच खेपेस लागला.

निघण्यापूर्वी मी मुलांसमोर मामांची क्षमा मागितली. दिवे मी लावण्यास सांगितले होते, आणि तारही मीच जोडली होती, हे सांगितले. मामा हसले आणि म्हणाले, “सर, आता उतरताना दोघंही मागं वळून बघू.” तेव्हापासून शाळेच्या गाडीत एक नियम आहे : गाडीतून उतरलेला शेवटचा विद्यार्थी गाडीला एक फेरी घालतो आणि दिवे बंद आहेत हे मोठ्याने सांगतो. जाड केबलही आता आसनाखाली असतात. पण त्या बाहेर काढण्याची वेळ अद्याप आलेली नाही.