आधी बल्ब ठरवा, मग बांबू

बांबू, करवंटी, सुतळी किंवा वाळका भोपळा वापरून घरी दिवा करायला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: तुम्ही लावलेला बल्ब एक दिवस जाणार आहे, आणि नवा बल्ब बसवणारा माणूस बहुधा तुम्ही नसाल. दिवा त्या माणसासाठी करा.

हे मी कुडाळला शिकलो. मामांच्या पडवीत मामेभावाने विणलेला बांबूचा सुरेख दिवा होता, आत ५ वॅटचा एलईडी. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तो बल्ब गेला. अंधार नको म्हणून कुणीतरी माळ्यावरचा ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला. आरती चालू होती, कापूर आणि उदबत्तीच्या वासात जळका वास वेगळा कळलाच नाही. मामींनी सहज वर पाहिलं तेव्हा बल्बलगतच्या कामट्या काळ्या पडून धुरत होत्या. लगेच मेन स्विच बंद केला, म्हणून निभावलं. वर लाकडी वासे होते.

तारेच्या बल्बने घेतलेल्या विजेपैकी जवळजवळ ९० टक्के वीज उष्णतेत जाते. ६० वॅटच्या बल्बएवढाच उजेड एलईडी ७ ते ९ वॅटमध्ये देतो. बांबू किंवा कागद तासन्‌तास तापत राहिला की आधी कोरडा होतो, मग करपतो आणि शेवटी पेटतो. करवंटीचा तर उत्तम कोळसाच होतो.

म्हणून पहिली खरेदी बल्बची आणि होल्डरची करावी. आपल्याकडचे नेहमीचे बल्ब दोन पिनांचे असतात. दिव्यात मुद्दाम बारीक आट्यांचा होल्डर बसवला, तर माळ्यावरचा जुना बल्ब त्यात बसणारच नाही. त्या मापाचे दोन एलईडी आणून घरात ठेवावेत. पडवीसारख्या पावसाची झड येणाऱ्या जागी चांगल्या अडॅप्टरवर चालणारी १२ व्होल्टची एलईडी पट्टी बरी. अडॅप्टर मात्र घरात, कोरड्या जागी असावा.

एलईडीचंही बूड तापतं. बंद करवंटीत तो लवकर जातो, म्हणून वर आणि खाली हवेला वाट ठेवावी. दिव्याचं वजन वायरवर टाकू नये. त्यासाठी साखळी किंवा दोर वेगळा हवा. बांबूची कापलेली कड सुरीसारखी असते, वायर जाते त्या भोकात रबरी बुश घालावा. घरच्या २३० व्होल्टची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी आणि घरात गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी आहे ना, हेही त्याच वेळी विचारावं.

बांबू निवडताना घाई नको. कोवळ्या बांबूत स्टार्च जास्त, त्यामुळे भुंगा लागतो आणि दिव्याखाली पिवळसर पीठ पडू लागतं. तीन वर्षं झालेला, पावसाळ्यानंतर तोडलेला पक्का बांबू घ्यावा आणि बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवावा. जवळ बुरूडकाम करणारं कुणी असेल तर त्यांचा सल्ला आधी घ्यावा. कोणता बांबू फाटेल आणि कोणता वाकेल हे त्यांना हातात घेताच कळतं.

चकाकीसाठी जवसाचं तेल लावणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. तेलाने माखलेली चिंधी बोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती पाण्यात बुडवावी किंवा उघड्यावर पसरून वाळवावी.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे, आणि तेच बहुतेक जण टाळतात. होल्डरशेजारी, बल्ब बदलणाऱ्याला दिसेल अशा जागी न पुसणाऱ्या शाईने लिहा: ‘फक्त एलईडी, जास्तीत जास्त ५ वॅट’. हे लिहिल्याशिवाय दिवा कुणाला भेटही देऊ नका.