गव्हर्नर काढण्याआधी

केडगाव, अहिल्यानगर

चि. बाळूस,


तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. भंगारातलं गवत कापायचं मशीन घासूनपुसून चालू केलंस, काबरेटर स्वतः खोलून साफ केलास. आयटीआयच्या पहिल्याच वर्षाला हे जमलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण आता तू गव्हर्नर काढून इंजिन आडवं बसवणार आणि त्याची गाडी करणार, हे कळल्यावर लगेच पत्र लिहायला बसलो.

गव्हर्नरमुळे पिकअप मरतो, असं तुझे मित्र सांगतात. विहिरीवरचं आजोबांचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आठव. पट्टा निसटला की ते क्षणभर बोंबलायचं आणि लगेच ताळ्यावर यायचं. ते काम गव्हर्नरचं. शिवाय ते ओतीव लोखंडाचं, १,५०० आरपीएमचं धूड होतं. तुझं इंजिन ३,६०० च्या आत चालण्यासाठी बनवलेलं आहे आणि अशा इंजिनांत कनेक्टिंग रॉड बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो. ३,६०० चे ५,४०० केलेस, तर वेग दीडपट होईल, पण रॉडवरचा आणि फ्लायव्हीलवरचा ताण सव्वादोनपट, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. मग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, तेव्हा तू शेजारी वाकून उभा असशील. आणि पात्याचं काय? १८ इंची पातं ३,६०० ला फिरतं, तेव्हाच त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतो. आपल्या मुरमाड जमिनीतला एक खडा उडाला तरी डोळा जायचा.

फ्लायव्हीलची की तुटली म्हणून तू लोखंडी की घासून बसवलीस. ती आजच काढ. मूळची की मुद्दाम मऊ धातूची असते. पातं दगडावर आपटून थबकलं की ती कातरली जाते, टायमिंग हलतं आणि इंजिन बंद पडतं. लोखंडी की तुटणार नाही, पण तोच हिसका क्रँक खाईल.

इंजिन आडवं करायचं तर नाहीच. उभ्या शाफ्टच्या या इंजिनात तळाचं ऑइल उडवून वर पोचवलं जातं. आडवं केलंस की ऑइल भलतीकडेच साचतं आणि रॉडचं बेअरिंग कोरडं पडून जाम होतं. हँडलचा दांडा तारेने बांधून ठेवलेलाही व्हिडिओत दिसला. अमेरिकेत १९८२ पासून हाताने ढकलायच्या मशीनला नियमच आहे: दांडा सुटला की ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. ती तार तोड.

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुणाचा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं तुटून जीव गेला. त्याची कला अस्सल होती. ती बातमी वाचली तेव्हापासून, असं काही बनवणारं पोर दिसलं की मी आधी विचारतो, चाचणी कशी घेणार?

गाडी करूच नको, असं मी म्हणत नाही. इंग्लंडात १९७३ पासून या मशीनच्या शर्यती लागतात, पण पाती काढल्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत. तूही आधी प्लगची वायर काढ, मगच पात्याचा बोल्ट सोडव. इंजिन उभंच ठेव, गव्हर्नर राहू दे. पट्ट्याने काटकोनी गिअरबॉक्स फिरव, स्प्रॉकेटचं प्रमाण बदलून हवा तेवढा वेग घे. वेग इंजिन पिळून न काढता गिअरिंगमधून काढायचा, हे ज्याला कळलं तो खरा मेकॅनिक. आणि ब्रेक आधी बसव, मग सीट. पुढे तेच इंजिन मामीच्या कांद्याच्या वाफ्यात कोळपायला जुंपता येतं का, तेही बघू.

रविवारी मी येतो, टॅकोमीटर घेऊन. तोवर मशीन चालू करू नकोस. तुटलेली जुनी की फेकली नसशील तर जपून ठेव, तिच्या मापाची नवी शोधायची आहे. टाकीतलं पेट्रोल काढून झाकणाच्या डब्यात भर आणि तो डबा स्वयंपाकघरापासून लांब ठेव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा