आवाजाचीं पाकिटें

चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटवर उभें राहून आपण सर्वांनीं हाक मारली असेल. समोरचा कडा १७० मीटर दूर असला तर ती हाक परत येण्यास सुमारें एक सेकंद लागतो. कारण हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटरच चालतो. स्वतःचाच आवाज असा उशिरां कानीं पडत असतां पुढें बोलूं गेल्यास जीभ अडखळते. डोंगरावर ही गंमत. नभोवाणीच्या कामांत मात्र तें विघ्न होय.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, नागपूरचें १९४८ सालीं. बाहेरगांवचा आवाज केंद्रापर्यंत आणण्यास पूर्वीं टेलिफोनची तार राखून ठेवीत; पुढें उपग्रह आले. परंतु उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असल्यामुळें एका खेपेसच पाव सेकंद जातो. आतां हें काम इंटरनेटच्या पद्धतीनेंही होतें.

तें कसें? ध्वनि सेकंदांत ४८,००० वेळां मोजून अंकांत मांडतात व ते अंक लहान लहान पाकिटांत भरतात. एका पाकिटांत ४८ मापें घातलीं तर तें सेकंदाच्या सहस्रांशाएवढ्या ध्वनीचें झालें. प्रत्येकावर अनुक्रमांक व वेळ लिहिलेली असते. ह्यासाठीं १९९६ सालीं आर्. टी. पी. नांवाचे नियम प्रसिद्ध झाले.

कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे ७०० किलोमीटरांस केवळ साडेतीन सहस्रांश सेकंद. मग अडचण कोठें? वाटेंतील नाक्यांवर. परतवाड्याहून ठराविक अंतरानें सुटलेल्या मोटारी घाट चढून वर तशाच अंतरानें येत नाहींत, पाकिटांचेंही तसेंच. म्हणून पोंचण्याच्या ठिकाणीं तीं क्षणभर थांबवून, क्रम लावून, मगच ध्वनि उमटवितात. अधिक थांबावें तर संभाषण रखडतें. एका बाजूचा विलंब १५० सहस्रांशांहून वाढला कीं तें जाणवूं लागतें. कमी थांबावें तर उशिरां आलेलें पाकीट हरवल्यासारखेंच.

समजा, अतिवृष्टीनें घाट बंद आहे आणि येथून कोणी केंद्रास सांगत आहे, “पूल सुरक्षित नाहीं.” एक पाकीट गळालें तर कानास कळणारही नाहीं. परंतु “नाहीं” म्हणण्यास तृतीयांश सेकंद लागतो, असें धरलें तर त्यांत तीनशेंहून अधिक पाकिटें असतात. तीं ओळीनें गळालीं तर लोक पूल सुरक्षित समजतील!

ह्यावर उपाय आहेत. प्रत्येक पाकिटाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या वाटांनीं पाठवितात. जी आधीं येईल ती घेतात. तसेंच बोलणारास केंद्राकडून सर्व कांहीं ऐकवितात, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. म्हणजे पंचबोलाचा घोटाळा होत नाहीं.

तिसरा उपाय आपल्या हातीं आहे. यंत्रास पाकिटें मोजतां येतात. कोणत्या शब्दावर माणसाचे प्राण अवलंबून आहेत, हें त्यास कळत नाहीं. म्हणून महत्त्वाची गोष्ट सावकाश, स्पष्ट व दोनदां सांगावी.