व्हायोलिनवादक यहूदी मेन्युइन

न्यूयॉर्क शहरातील कार्नेगी हॉल हे संगीताचे एक विख्यात सभागृह आहे. १९२७ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २५ तारखेस या सभागृहाच्या रंगमंचावर अकरा वर्षांचा एक मुलगा व्हायोलिन घेऊन उभा राहिला. त्याच्या मागे मोठ्या वयाच्या वादकांचा वाद्यवृंद सज्ज होता. बीथोव्हेन या थोर जर्मन संगीतकाराची एक दीर्घ रचना तो वाजवणार होता. या रचनेत प्रौढ वादकांचीही कसोटी लागते. म्हणून वाद्यवृंदाचे संचालक फ्रिट्झ बुश यांनी आरंभी या बेताला नकार दिला होता. मुलाचे वादन त्यांनी प्रत्यक्ष ऐकले, तेव्हा कोठे ते राजी झाले. वादनापूर्वी मुलाने आपले व्हायोलिन वाद्यवृंदातील प्रमुख वादकाच्या हाती दिले आणि त्याच्याकडून ते सुरात लावून घेतले. कारण खुंट्या पिळण्याइतके बळ त्याच्या बोटांत अजून आले नव्हते! वादन संपले आणि टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. त्या दिवसापासून यहूदी मेन्युइन हे नाव जगाला ठाऊक झाले.

यहूदीचा जन्म न्यूयॉर्कमध्ये २२ एप्रिल १९१६ रोजी झाला. त्याच्या नावामागे एक कथा आहे. त्याच्या जन्मापूर्वी त्याचे आईवडील भाड्याची खोली शोधत होते. एका घरमालकिणीने खोली दाखवली आणि आपण ज्यूंना जागा देत नाही, असे मोठ्या अभिमानाने सांगितले. ते दांपत्य ज्यूच होते. आईच्या मनाला ती गोष्ट फार लागली. होणाऱ्या मुलाचे नाव असे ठेवीन, की तो कोण आहे हे साऱ्या जगाला कळावे, असा निश्चय तिने केला. ‘यहूदी’ या शब्दाचा अर्थच ‘ज्यू’ असा आहे.

पुढे हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्को येथे राहू लागले. वडील शिक्षक होते. मिळकत बेताची होती. मूल सांभाळायला घरी कोणी नसल्यामुळे आईवडील तान्ह्या यहूदीला बरोबर घेऊनच वाद्यवृंदाच्या मैफलींना जात. तेथे लुई पर्सिंगर नावाचे प्रमुख व्हायोलिनवादक होते. त्यांच्या व्हायोलिनचा स्वर कानी पडला, की बाळ टक लावून ऐकत राही. चार वर्षांचा झाल्यावर त्याने हट्ट धरला, की मला व्हायोलिन हवे आणि शिकवायला पर्सिंगरच हवेत! कोणा स्नेह्याने त्याला पत्र्याचे खेळण्यातले व्हायोलिन आणून दिले. त्यातून कर्कश आवाज निघताच मुलाने ते जमिनीवर आपटले आणि तो रडू लागला. मग आजीने पाठवलेल्या पैशांतून खरे व्हायोलिन आले. काही काळाने पर्सिंगरही गुरू म्हणून लाभले. सातव्या वर्षी हा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदाबरोबर जाहीरपणे वाजवू लागला.

हे वाद्य किती अवघड आहे, ते ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळेल. व्हायोलिनला चार तारा असतात. परंतु सतारीप्रमाणे त्याला पडदे नसतात. अमुक स्वर अमुक जागी आहे, हे दाखवणारी कोणतीही खूण तेथे नाही. डाव्या हाताचे बोट केसभर इकडेतिकडे सरकले, तरी स्वर बेसूर होतो. उजव्या हातातील गज किती दाबावा, किती वेगाने ओढावा, यावर नादाचा गोडवा अवलंबून असतो. पाश्चात्त्य पद्धतीत वादक बहुधा उभा राहून, वाद्य खांदा आणि हनुवटी यांच्यामध्ये धरून वाजवतो. गजाननराव जोशी, वि. गो. जोग यांच्यासारख्या आपल्या कलावंतांनी हेच वाद्य बैठक मारून वाजवले आणि त्यातून राग उभे केले, ती कथा निराळी.

यहूदी दहा वर्षांचा असताना मातापित्यांनी त्याला युरोपात नेले. तेथे इझाई नावाचे वयोवृद्ध बेल्जियन वादक होते. यहूदीने एक कठीण रचना त्यांना सफाईने वाजवून दाखवली. वृद्ध गुरूंनी ती ऐकून घेतली आणि एक साधा पलटा चारही सप्तकांतून वाजवायला सांगितला. मुलगा गोंधळला. अंधारात चाचपडावे तशी त्याची बोटे तारांवर फिरू लागली. इझाईंनी एवढेच सुचवले, की असे पलटे घोटलेस तर बरे होईल. मोठमोठ्या रचना या मुलाला जणू आपोआप येत होत्या. त्या कशा येतात, हे त्याला माहीत नव्हते. वृद्धाच्या नजरेने ते नेमके हेरले होते. परंतु दहा वर्षांच्या मुलाला असला सल्ला कसा रुचावा? तो जॉर्जे एनेस्कू या रुमानियन संगीतकाराकडे शिकू लागला. एनेस्कूंनी त्याला संगीताचा आत्मा दाखवला. पलटे मात्र राहून गेले.

यानंतरची वर्षे कीर्तीची होती. १९२९ मध्ये बर्लिन येथे बाख, बीथोव्हेन आणि ब्राम्स या तीन संगीतकारांच्या तीन मोठ्या रचना त्याने एकाच कार्यक्रमात वाजवल्या. श्रोत्यांत आइन्स्टाइन होते. १९३२ मध्ये एल्गार या इंग्रज संगीतकाराची रचना खुद्द एल्गारांच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित झाली. तेव्हा एल्गार पंचाहत्तर वर्षांचे आणि यहूदी सोळा वर्षांचा होता! सरावाच्या वेळी थोडेसे ऐकताच वृद्ध संगीतकार संतुष्ट झाले आणि घोड्यांच्या शर्यती पाहायला निघून गेले, असे सांगतात.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा मेन्युइन ऐन तारुण्यात होते. त्यांनी सैनिकांसाठी पाचशेहून अधिक कार्यक्रम केले. जुलै १९४५ मध्ये बेल्सन येथील छळछावणीतून मुक्त झालेल्या लोकांपुढे ते वाजवायला गेले. साथीला बेंजामिन ब्रिटन हे संगीतकार पियानोवर होते. समोर बसलेली माणसे उपासमारीने हाडांचे सापळे झाली होती. कित्येकांचे सारे कुटुंब नष्ट झाले होते. तरीही दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, मेन्युइन बर्लिनला गेले आणि फुर्टव्हेंगलर या जर्मन संचालकाबरोबर त्यांनी जर्मन लोकांसाठी वाजवले. अनेक ज्यू बांधव त्यांच्यावर संतापले. संतापास कारण नव्हते, असे कोण म्हणेल? परंतु द्वेषाची साखळी कोठेतरी तुटली पाहिजे, या मतापासून मेन्युइन ढळले नाहीत.

याच सुमारास त्यांच्यावर एक वेगळे संकट कोसळत होते. सततचा प्रवास, अनियमित सराव आणि थकवा यांमुळे हात पूर्वीसारखा चालेना. गज थरथरू लागला. बालपणी जे सहज साधले होते, ते आता मुठीतील वाळूप्रमाणे निसटू लागले. दुसऱ्या एखाद्या वादकाने मूळ अभ्यास पुन्हा उजळला असता. परंतु मेन्युइन यांच्यापाशी उजळण्याजोगा अभ्यासच नव्हता. जगद्विख्यात वादकाने तिशी उलटल्यावर गज कसा धरावा, येथपासून आरंभ करावा, ही गोष्ट सोपी नाही. त्यांनी तो आरंभ केला. खांदा, मनगट, बोटे यांची प्रत्येक हालचाल ते नव्याने तपासू लागले.

१९५१ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका उपचारकाकडे वाट पाहत बसले असताना योगासनांवरील एक पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि त्यांची जिज्ञासा जागी झाली. पुढच्याच वर्षी पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले व दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ त्यांनी कार्यक्रम केले. योगाची गोष्ट निघाली, तेव्हा नेहरूंनी त्यांना शीर्षासन करून दाखवा म्हटले. पाहुण्यांनी ते केले; त्यावर नेहरूंनी खरे शीर्षासन कसे असते, ते स्वतः करून दाखवले!

मुंबईच्या मुक्कामात पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार त्यांना भेटायला आले. अय्यंगार तेहेतीस वर्षांचे होते. बालपणी अनेक आजारांनी त्यांचे शरीर पोखरले होते. योगाभ्यासाने त्यांनी ते घडवले होते. मेन्युइन अतिशय थकलेले होते. आपण पाचच मिनिटे देऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. अय्यंगारांनी त्यांना जमिनीवर निजवून शवासन करायला लावले. थोड्याच वेळात त्यांना गाढ झोप लागली. सुमारे तासाभराने ते जागे झाले, ते ताजेतवाने होऊन. मग पाच मिनिटांची ती भेट आणखी दोन तास चालली!

१९५४ मध्ये मेन्युइन यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले. श्वास कसा घ्यावा, खांदे कसे सैल ठेवावेत, कोणत्या स्नायूला विनाकारण ताण पडतो, हे ते त्यांच्याकडून शिकले. हातातील दोष समूळ गेला असे नव्हे. बालपणीची बिनचूक सफाई पूर्णपणे परत आली नाही, असे जाणकार म्हणतात आणि ते खरेही असावे. परंतु वादन थांबले नाही. पुढे कित्येक वर्षे ते चालू राहिले. मेन्युइन यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिले. ‘माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकास’ अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरलेला होता. अय्यंगारांना व्हायोलिन वाजवता येत नव्हते.

भारताशी जडलेला त्यांचा स्नेह पुढे वाढतच गेला. १९६६ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथील महोत्सवात त्यांनी सतारवादक रविशंकर यांच्यासमवेत भारतीय रागसंगीत वाजवले. त्याच वर्षी अय्यंगारांचा योगावरील सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ निघाला. त्याची प्रस्तावना मेन्युइन यांची आहे. तत्पूर्वी १९६३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये संगीतात गती असलेल्या मुलांसाठी एक शाळा काढली होती. १२ मार्च १९९९ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्या शाळेच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्यांची एक आठवण सांगितल्याखेरीज मात्र राहवत नाही. १९८२ मध्ये बर्लिनच्या प्रख्यात वाद्यवृंदाला शंभर वर्षे झाली, तेव्हाच्या समारंभात मेन्युइन संचालक होते. वय सहासष्ट. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा प्रारंभ करायचा होता. मेन्युइन यांनी सरळ शीर्षासन केले आणि हातांऐवजी पाय हलवून वाद्यवृंदाला इशारा दिला. वाद्यवृंद वाजू लागला!