अमेरिकेला जायचं, पण कुणाच्या पैशानं?

केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावातही इंजिनिअर झालेली मुलं आता अमेरिकेतल्या एमएसचं नाव काढतात. पालक आधी विचारतात, तिकडं सुरक्षित आहे का? प्रश्न रास्तच आहे, पण मी आधी पैशाचं विचारीन. फी किती, हे कन्सल्टन्सीवाला सांगतोच. पैसा कुणाचा, हे तो सांगत नाही.

गावाकडची ऐपत जमिनीत असते आणि नेमकी तीच बँकेला नको असते. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सहसा तारणाशिवाय मिळतं, पण अमेरिकेचा खर्च त्याच्या कितीतरी पुढं जातो. वरच्या रकमेला बहुतेकदा तारण लागतं. शेतजमीन कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातून वगळलेली आहे. कर्ज थकलं तरी त्या कायद्याखाली बँकेला ती विकता येत नाही. त्यामुळे दहा एकरांचा सातबारा पुढं केला तरी मॅनेजर बीड-अंबाजोगाईतला एनए (बिगरशेती) प्लॉट नाहीतर घर मागतो. मग कुणी खासगी वित्त कंपनीचं महागडं कर्ज काढतं, कुणी रान विकायला काढतं. 2025च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्यातलं सोयाबीन पाण्यात गेलं. अशा वर्षी अडलेल्याला भाव कोण देतो? एमएससाठी रान विकू नका, हे माझं स्पष्ट मत.

तिकडंही चणचण आहे. मार्च 2025मध्ये अमेरिकी सरकारनं कोलंबिया विद्यापीठाच्या सरकारी निधीतले 40 कोटी डॉलर रद्द केले, एप्रिलमध्ये हार्वर्डचे 220 कोटी डॉलर गोठवले. पुढं तडजोडी झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. सरकार आणि विद्यापीठांच्या या भांडणाशी आपला संबंध असा, की पीएचडी करणाऱ्याची फीमाफी आणि दरमहाचं मानधन बहुतेक वेळा अशाच संशोधन निधीतून निघतं. मॅसॅच्युसेट्समधल्या यूमास चान वैद्यकीय विद्यापीठानं त्या वर्षी दिलेले पीएचडी प्रवेशही मागं घेतले. म्हणून प्रवेशपत्र हाती आलं की विभागाला ईमेल करा: मानधन किती वर्षांचं, आणि निधी आटला तर काय? उत्तर लेखी घ्या. एमएसला असा आधार क्वचितच मिळतो, तेव्हा ‘तिथं गेल्यावर मिळेल’ या भरवशावर विमानात बसू नका.

राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या मात्र जरूर पाहा. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावची, मराठा समाजासाठी सारथी संस्थेची. प्रवेश जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठात हवा. कन्सल्टन्सीच्या यादीतली बरीच नावं तिथंच गळतात.

शिक्षणानंतर ओपीटी या काम-परवानगीवर 12 महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी 24. पण पहिल्या वर्षात एकूण 90 दिवसांहून जास्त बेकार राहिलं तर परवानगी धोक्यात येते. पुढं एच-1बी हा नोकरीचा व्हिसा. त्याची वर्षाची मर्यादा 85 हजार आणि अर्ज कितीतरी जास्त. देशाबाहेरून नव्यानं आणायच्या माणसासाठी कंपनीला 1 लाख डॉलर भरायला लावणारा आदेश सप्टेंबर 2025मध्ये निघाला. म्हणून कर्जाचा हप्ता डॉलरच्या पगारावर मांडू नका. पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून तो निघत असेल तरच सही करा.

आणखी एक. जून 2025पासून विद्यार्थी व्हिसासाठी सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतात. बीडचं राजकारण रील्सवर कसं रंगतं, हे मी सांगायला नको. अर्जाआधी आपली खाती स्वतः एकदा नीट वाचा.

यंदा नाही जमलं तर? गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी 1929मध्ये हार्वर्डची नुसती बीए घेऊन परतले. बनारस, अलीगढ, मग पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणित शिकवलं आणि 1945मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. पीएचडी त्यांनी कधीच केली नाही. आज तुमच्या मुलानं दोन वर्षं पुण्यात नोकरी करून पैसे साठवले, तर त्याचा अर्ज उलट वजनदारच होईल.

आणि तिकडं पेट्रोल पंपावर रोखीनं काम मिळतं, असं सांगणारा नातेवाईक भेटेलच. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातच, तेही आठवड्याला 20 तास काम करता येतं. पंपावर सापडला तर व्हिसा जातो, कर्ज राहतं.